कलमदानाखालच्या तीन ओळी

आमच्या विसाजीपंतांचं अक्षर फार सुंदर होतं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललो आहे, की शाळेतली पोरं माझ्यामागे त्याची नक्कल करायची. विसाजीपंत म्हणजे माझे खापरपणजोबा. पेशवाईच्या अखेरीस आमच्या गावची खोती त्यांच्याकडे होती. त्यांनी घर बांधलं, माडांची वाडी लावली आणि मागे पेटीभर कागद ठेवले. पुढे खोती भाऊबंदांत वाटली गेली, घराचेही वाटे पडले. माझ्या वाट्याला दोन खोल्या, ती पेटी आणि पंतांच्या नावाचा तोरा एवढं आलं.

१९३३ साली रत्नागिरीत वस्तुसंग्रहालय काढायचं ठरलं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांचं कौलारू घर मिळालं. निवृत्त मामलेदार होते एक, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, ते अध्यक्ष झाले. मी मराठी शाळेतला मास्तर, मोडी वाचणारा आणि फुकट राबणारा, म्हणून मी चिटणीस. आपल्या जिल्ह्याची कला आणि इतिहास आपल्याच लोकांना दाखवायचा, असं रावसाहेबांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि मार्गशीर्षात तीन आठवड्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवून टाकलं.

मग मी घरोघर हिंडलो. शिमग्यातले लाकडी मुखवटे आणले. एका म्हाताऱ्या खलाशानं हातभर लांबीचं गलबत केलं होतं, शिडाच्या दोऱ्यांसकट, ते आणलं. नक्षी कोरलेल्या करवंट्या, रंगवलेले पाट, जुनी नाणी, आरे गावच्या समुद्रकाठच्या पुळणीत सापडलेली एक झिजकी दगडी मूर्ती. लोक कुरकुरत देत होते आणि मी त्यांना सांगत होतो, अहो, घरात ठेवून काय करणार, चार माणसांना कळू द्या तुमच्या घरात काय आहे ते. हे मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःच्या पेटीतून काय काढायचं हे ठरवायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पेटीच्या तळाशी एक लांबट कागद होता. पंतांच्या हातचा, सलग लिहिलेला, कुठे खाडाखोड नाही, वरची रेघ सुतारानं दोरी धरून मारावी तशी सरळ. मी तो कागद काचेच्या पेटीत मांडला. शेजारी पंतांचं पितळी कलमदान ठेवलं. खाली बालबोध अक्षरात पाटी लिहिली, 'कै. विसाजीपंत खोत यांचे हस्ताक्षर, शके १७२२'. ते साल कागदाच्या पहिल्या ओळीत होतं. त्यापुढे मी वाचलं नव्हतं. मोडी वाचणाऱ्या माणसानं असं म्हणावं हे कुणाला पटणार नाही, पण मी अक्षर बघत होतो. नव्या सुनेच्या अंगावरचे दागिने मोजावेत तशी मी वळणं मोजत होतो.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी लवकर गेलो. काचा पुसता पुसता त्या पेटीपाशी आलो, आणि रिकामाच होतो म्हणून कागद वाचायला लागलो.

ती एक याद होती, म्हणजे आठवणीसाठी लिहून ठेवलेलं टिपण. आठ वर्षांची एक मुलगी विकत घेतल्याचं. मुलीचं नाव राही. तिच्या आईचं नाव लिहिलेलं होतं, गाव लिहिलेलं होतं, आणि गुरं घेताना लिहितात तशी अंगावरची खूणही लिहिलेली होती. ह्या सगळ्या तीन ओळी. बाकीच्यात साक्षीदार.

राही कोण हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या वाडीच्या टोकाला, विहिरीपलीकडे एक झोपडी आहे. तिथे सोनूबाई राहायची, तेव्हा ती पासष्टीची होती. राही ही तिची पणजी. सोनूबाईच्या आईनं माझ्या आजीचं भात कांडलं, सोनूबाईनं माझ्या आईचं. मी तिच्या कडेवर वाढलो. आमच्या घरात सांगत, दुष्काळात एक अनाथ पोर दारात आली आणि पंतांनी तिला आसरा दिला. ही गोष्ट मी शाळेत दयेच्या धड्याला उदाहरण म्हणून सांगत असे. राहीच्या आणि पुढे तिच्या लेकीनातींच्या मुलांचा बाप कोण, हे मात्र आमच्याकडे कुणी विचारत नसे. सोनूबाईचं आणि माझ्या आत्याचं नाक हुबेहूब सारखं होतं, आणि त्यावरही कुणी बोलत नसे.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. लाज वाटली. खरं सांगायचं तर आधी भीती वाटली, कुणी वाचलं तर काय, याची. लाज मागाहून आली आणि ती अजून गेलेली नाही.

कागद तेव्हाच काढता आला असता. अर्धा तास हातात होता. पण आदल्या दिवशी रावसाहेब माझ्यासारखंच नुसतं अक्षर बघून गेले होते. "आप्पा, प्रदर्शनाचा मुकुटमणी आहे हा," असं म्हणाले होते, आणि पाहुण्यांना पहिल्यांदा तोच दाखवणार होते. कागद कुठे गेला असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? शिवाय, कशाला लपवा, मला तो तिथे हवाच होता. चार लोकांनी वाहवा करावी असा माझ्या घरात दुसरा जिन्नस नव्हता. म्हणून मी पेटी उघडली आणि कलमदान शेजारून उचलून कागदावर ठेवलं, नेमकं त्या तीन ओळींवर. लांबून बघितलं. उलट जास्तच शोभून दिसत होतं. पाहुणे आले, काचेवर वाकले, "वा, काय हात आहे!" म्हणाले, आणि मी नम्रपणे मान खाली घातली.

दर शुक्रवारी दुपारी फक्त बायकांसाठी प्रदर्शन उघडं असे. पहिल्याच शुक्रवारी सोनूबाई नातीला घेऊन आली. नात मैना, सोळा वर्षांची, मराठी तिसरी झालेली. तिचा बाप रघू मुंबईला गोदीत होता. दोघी धुतलेली लुगडी नेसून, पायांतली धूळ पायरीवर झटकून आत आल्या. सोनूबाईनं मुखवट्यांना हात जोडले, गलबत बघून हसली, आणि मग मैनेनं पाटी वाचून दाखवली तशी दोघी त्या काचेच्या पेटीपाशी येऊन थांबल्या.

"आप्पा, ह्यो तुमच्या पंतांचा कागद काय?"

"हो."

"काय लिवलाय ह्याच्यात?"

"जमिनीचा कागद आहे. सारा, हद्दी, असलंच."

सोनूबाई काचेवर बोट टेकून म्हणाली, "माजी आजी सांगायची, राहीचा गाव खोतांच्या कागदात हाय म्हनून. राहीनंच तिला सांगितलान व्हता. पंत लिवत व्हते तवा ती म्होरं उभी व्हती म्हनं. आठ वर्सांची पोर, गावाचा नाव इसरली, पन कागद ध्यानात ठेवलान. तुमच्या बापाला मी दोनदा इचारला. ते बोलले, कागद वाळवीनं खाल्लान."

माझ्या वडिलांनी तो कागद वाचला होता तर. मला वाटत होतं मीच पहिला.

"आत्ताच कशाला आठवलं तुला हे?" मी विचारलं. माझा आवाज मला उगाच चढलेला वाटला.

मैनेनं मान खाली घातली. सोनूबाई सांगू लागली. पलीकडच्या गावच्या धाकूच्या मुलासाठी मैनेला विचारलं होतं. घर चांगलं, भाताची खाचरं, बैलजोडी, मुलगा निर्व्यसनी. मैनेलाही पसंत. पण धाकूनं एक गोष्ट अडवून धरली होती. मुलीकडच्या ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय त्याच्या घरात मुलीला कुंकू लावून लग्न पक्कं करत नसत. गाऱ्हाणं म्हणजे, ज्याचं कार्य असेल त्याचं नाव, घर, वाडी गुरव देवापुढे मोठ्यानं सांगतो आणि त्याच्यासाठी मागणं मागतो. सोनूबाईच्या माणसांचं गाऱ्हाणं चार पिढ्या आमच्या गावच्या देवळात होत होतं. गुरव म्हणायचा, 'खोतांच्या घरची माणसं'. बस, एवढंच. त्यांचं नाव नाही, घर नाही.

"धाकू बोलला, तो देव खोतांचा. तुमचा कंचा ता सांग. गाव नसलेली मानसं कशी आसतील? त्याचा तरी काय चुकला, आप्पा? पोरगी कुठली ता कुनीबी इचारनारच." तिनं पुन्हा काचेकडे बघितलं. "ह्याच्यात राहीचा नाव नाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि कलमदान आमच्या दोघांच्या मध्ये होतं. मैना वाकून बघत होती. "आजी, कलमदान कागदावरच ठेवल्यानी, खालची अक्षरां दिसत नायत," असं ती सहज म्हणाली. दोघींनी तिथून जावं, एवढंच मला हवं होतं. समोरच्या कोनाड्यात ती आरे गावची मूर्ती होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ह्याच्यात नाही. पण घरच्या पेटीतल्या दुसऱ्या एका कागदात राहीचं नाव वाचलंय मी. तुमचं मूळ गाव आरे."

खोटं बोलायचं मनात नव्हतं असं मी म्हणणार नाही. मनात होतंच. पण इतकं नीटनेटकं खोटं मला बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

"आरे?" सोनूबाईनं विचारलं. "म्हंजे हितंच? दोन-तीन कोसांवर? आनि आमी आपले आयुक्षभर..." तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग काय झालं हे मी टाळून पुढे जाणार होतो, पण ते लिहिलं पाहिजे. ती खाली वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. जिच्या कडेवर मी वाढलो ती बाई. आणि मी मागे सरलो नाही. मागे सरलो तर तिला संशय येईल, असं माझ्या मनात आलं.

त्यानंतरचे दोन आठवडे मी स्वतःची समजूत घालण्यात घालवले. मी मास्तर, समजूत घालायचं मला चांगलं जमतं. मी स्वतःला सांगितलं, हे तिच्याच भल्याचं आहे. पणजीला विकत घेतली होती हे ऐकून म्हातारीला काय सुख लागणार? धाकूला कळलं तर तो तरी मुलगी करील काय? आरे काय नि दुसरं काय, देव तो देवच. नारळ ठेवतील, लग्न होईल, पोरगी सुखात नांदेल. असं सगळं म्हणून झालं की मी जेवायला बसायचो आणि अर्ध्या ताटावरून उठायचो. बायकोनं दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का. मी तिच्यावर खेकसलो.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस रविवार होता. खोल्या माणसांनी भरल्या होत्या. रावसाहेबांनी भाषण केलं. ज्यांनी वस्तू दिल्या त्यांचे आभार मानले, आणि मग चिटणिसाचा सत्कार म्हणून मला शेला आणि नारळ दिला. "ज्या घराण्यानं आपल्याला हा अक्षरांचा ठेवा दिला," असं ते म्हणाले आणि त्यांनी त्या काचेच्या पेटीकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ हातात धरून उभा होतो, तेवढ्यात दारातल्या माणसांतून सोनूबाई आत आली. मागे मैना होती, आणि मैनेच्या मागे धाकू, डोक्याला मुंडासं, हातात काठी. सोनूबाईच्या हातातही नारळ होता. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं आणि तो फोडलेला नव्हता.

ती सरळ माझ्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर फार बरं झालं असतं.

"आप्पा, आमी काल आरेला गेल्लो," ती म्हणाली. "गुरवानं इचारलान, कुनाच्या घरातली? कंची वाडी? मी बोलली, खोतांच्या कागदात लिवलाय, राही हितली. त्यानं गावकार बोलावलान. म्हातारे आले. त्यांनी एकेका घराची नावां घेतली, चार-चार पिढ्यांची. राही कुठं नाय. सव्वाशे वर्सांत गावातनं पोर गेली आसती तर आमाला ठाव आसता, बोलले. मी आपली हट्टानं सांगतंय, मी हितली म्हायेरवाशीन. चाळीस मानसां जमली व्हती. पोरां हसाय लागली. नारळ परत केल्यानी."

"सोनूबाई," मी म्हणालो.

"तुमचा काय चुकलेला नाय," ती घाईनं म्हणाली, जणू मला धीर देत होती. "त्यांनाच ठाव नाय. आता तुमी तो दुसरा कागद द्या. मी त्यांना दाखवतंय. कागद बघितला की गप बसतील."

धाकू इतका वेळ काठीवर रेलून माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "कागद हाय काय खरा, मास्तर? का ह्या म्हातारीची उगाच समजूत घातलीत?"

सोनूबाई त्याच्याकडे झटक्यात वळली. "आसा बोलू नको, धाकू. आप्पा खोटा बोलायचा नाय. माज्या कडेवर वाढलाय तो."

माझ्या जिभेवर तेव्हासुद्धा एक उत्तर तयार होतं. कागद हरवला, उंदरांनी नेला, शोधून ठेवतो, पुढच्या महिन्यात ये. वडिलांनी वाळवी सांगितली होती, मी उंदीर सांगितले असते. एवढं मी त्यांच्याकडून शिकलो होतो. पण तिनं ते कडेवरचं बोलल्यावर माझ्या तोंडातून ते निघेना. सगळ्या खोलीसमोर मला लहान पोरासारखं वाटलं, लंगोट ओला केलेल्या पोरासारखं.

मी सत्काराचा नारळ पेटीच्या कडेला ठेवला. किल्ली काढली, काच उघडली आणि कलमदान उचललं.

"दुसरा कागद नाही," मी म्हणालो. "हाच आहे. आरे मी मनानं सांगितलं."

रावसाहेब पुढे आले. त्यांना मोडी येत होती, त्या ओळी त्यांनी एका नजरेत वाचल्या असाव्यात, कारण त्यांनी माझं मनगट धरलं. "आप्पा, आत्ता कशाला? चार माणसं आहेत. घरी नेऊन सांगा हवं तर." ते वाईट माणूस नव्हते. मला वाचवत होते. पण मी घरी सांगणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मनगट सोडवून घेतलं आणि वाचायला लागलो. शाळेत वाचतो तसं मोठ्यानं वाचलं, नाहीतर आवाज मध्येच बसला असता.

"याद. शके सतराशे बावीस, रौद्रनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. ते दिवशी विसाजी खोत यांनी मौजे शिरवणे, तर्फ गुहागर, येथील गंगा हिची मुलगी राही, उमर वर्षे आठ, वर्ण सावळा, डावे भिवईवर व्रण, बाप वारला, पोटास नाही, सबब खरेदी केली असे. मुलीवर मागे कोणाचा दावा राहिला नाही."

टाळ्या वाजवणारी माणसं आता आपापल्या पायांकडे बघत होती. मागे कुणीतरी खोकलं. माझे कान तापले होते आणि शेला खांद्यावर ओझ्यासारखा झाला होता. विसाजीपंतांचं अक्षर तसंच सुंदर होतं. 'खरेदी' ह्या शब्दाचं वळण तर सगळ्यांत देखणं होतं. कागद मांडताना मी त्यालाच नावाजलं होतं.

सोनूबाई रडली नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते. तिचं बोट स्वतःच्या डाव्या भिवईवर गेलं आणि तिथे काही नव्हतं तरी जरा वेळ तिथेच राहिलं.

"परत वाचा," ती म्हणाली. "नावां तेवढी."

"शिरवणे," मी म्हणालो. "गंगा. राही."

"आयचा नाव गंगा." ती मैनेकडे वळली. "ऐकलास? गंगा. शिरवण्याची." मैनेनं मान हलवली. ती ओठ मिटून माझ्याकडे बघत होती, आणि तिची नजर मला पेलवली नाही. मी कागदाकडेच बघत राहिलो.

"इकली व्हती तिला," धाकू हळूच म्हणाला. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. माझ्या दोन आठवड्यांच्या समजुती खऱ्या ठरायची वेळ आली, आणि सांगायला शरम वाटते, पण क्षणभर मला सुटल्यासारखं झालं. म्हणजे मी लपवलं ते बरोबरच होतं, असं.

धाकूनं सोनूबाईच्या हातातला नारळ घेतला, फिरवून बघितला, कुठे तडा नाही ना हे बघितलं. "आय नि गाव दोनी हायत की," तो म्हणाला. "इकनाऱ्यानं इकली, घेनाऱ्यानं घेतली. त्याच्यात पोरीचा काय? मी गाव इचारला व्हता, तो मिळाला. परवा शिरवण्याला जाऊ. मी येतंय सोबत."

म्हणजे ज्या गोष्टीला तो नाक मुरडील म्हणून मी लपवली, तिला त्यानं दोन वाक्यांत बाजूला केलं. लाजण्यासारखं त्या कागदात होतं ते आमचं होतं. त्यांचं जे होतं ते एका गावाचं आणि एका आईचं नाव होतं, आणि तेच मी पितळेखाली दाबून ठेवलं होतं.

"आप्पा," सोनूबाई म्हणाली, "तुमी ह्या कदी वाचलात?"

तिचा माझ्यावर विश्वास उरला असेल असं नाही, पण मला आता दुसरं बोलता येत नव्हतं. "पहिल्या दिवशी. तुम्ही आलात त्याच्या आधी."

"म्हंजे मी पायावर डोका ठेवला तवा तुमाला ठाव व्हता."

"हो."

तिनं पदर सारखा केला. मी घाईघाईनं कागद पेटीतून काढला, घडी घातली, आणि मनात आलं ते बोलून टाकलं, "मी येतो तुमच्याबरोबर शिरवण्याला. परवा शाळेला रजा टाकतो. तिथल्या गुरवापुढे, गावकऱ्यांपुढे मी स्वतः वाचून दाखवतो, म्हणजे आरेसारखं होणार नाही." मला ते मनापासून करायचं होतं. तेवढं केलं तर थोडं फिटेल असंही वाटत होतं.

"कागद द्या," सोनूबाई म्हणाली. "तितं कुनीतरी वाचनारा मिळंल. तुमी नको."

"का? मी नीट वाचीन. एकही शब्द गाळणार नाही."

"ता न्हवं." ती आता माझ्याकडे नीट बघत होती. आवाज चढलेला नव्हता, लहानपणी मला भात भरवताना असायचा तसाच होता. "राहीच्या मागनं त्या गावात मी पयलीच जातंय. घरातली मानसां असतील, म्हातारी कोन असंल, ती इचारतील. ह्यो धाकू, ह्यो आमचा व्याही, आसा सांगीन. ही मैना. आनि ह्ये सोबत आलेले कोन, आसा इचारला, तर मी काय सांगू, आप्पा?"

तिनं ते टोचून विचारलं नव्हतं. ती खरंच थांबली होती, मी काहीतरी सांगीन म्हणून. खोत म्हणवेना, मालक म्हणवेना, आप्तही म्हणता येईना, आणि नाकाचं तर आमच्या घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. सगळी खोली ऐकत होती.

तिनं माझ्या हातातून कागद घेतला, धाकूकडून नारळ घेतला, दोन्ही पदरात नीट बांधलं, आणि मैनेच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरून गेली.